गुन्हा कबूल आहे

पत्र्याच्या डब्याचं झाकण निघालं आणि टण्ण असा आवाज झाला. दुपारच्या शांततेत तो इतका मोठा वाटला की मी झाकण हातात तसंच धरून उर्वीकडे बघत राहिले. तिनं कूस बदलली, एक पाय चादरीबाहेर काढला, ओठ हलवले आणि पुन्हा झोपली. पहिलीत गेल्यापासून ती शाळेतून आली की तासभर झोपते. तेवढाच तास या घरात माझा असतो.

डबा बिस्किटांचा. लग्नात कोणीतरी दिलेला. बिस्किटं कधीच संपली आणि डब्यात कागद आले. रेशनकार्ड, उर्वीचा जन्मदाखला, माझी बारावीची मार्कलिस्ट, सासऱ्यांच्या होडीचा जुना परवाना. आणि सगळ्यांत खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला तो कागद. अडीच वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. सकाळी पोलीस ठाण्यात आशालता मॅडमनी मागितला नसता तर अजूनही लावला नसता.

ठाण्यात मी चारित्र्य पडताळणीला गेले होते. नव्या विमानतळावर मालाच्या शेडमध्ये कागदपत्रं बघायला माणूस हवं होतं. माझी जासईची मैत्रीण विनिता तिथं आधीच लागली होती, तिनं माझं नाव सुचवलं. लग्नाआधी मी जासईला कंटेनरच्या यार्डात हेच काम करायची. कंटेनर आत आला की नंबर लिहायचा, सील तपासायचं, बाहेर जाताना पुन्हा जुळवून बघायचं. दोन वर्षांत माझी एक नोंद चुकली नव्हती. हितेश मला तिथंच भेटला. ट्रेलर घेऊन गेटवर यायचा आणि खिडकीतून पावती देताना मुद्दाम उलटी धरायचा, म्हणजे मला त्याच्याकडे बघावं लागेल. उर्वीच्या वेळी मी नोकरी सोडली. "वर्षभरात परत लाग," असं तेव्हा सगळेच म्हणाले होते.

मागच्या आठवड्यात फोन आला, "निशा मॅडम, एक तारखेपासून येऊ शकाल का?" मॅडम! मी ओट्याशी कोळंबी सोलत होते. हात धुवायचं विसरून तशीच उभी राहिले.

अट एकच होती. आत जायला पास लागतो आणि पासाला पोलिसांचा दाखला. सोबत कंपनीचा एक फॉर्म. तो आज पाचपर्यंत त्यांच्या पनवेलच्या ऑफिसात पोचवायचा.

आशालता मॅडम माझ्याच वयाच्या असतील. टेबलावर डबा होता, डब्यावर छोट्या मुलाचा रुमाल बांधलेला. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघतच विचारलं, "नावावर काही आहे का?"

"चलान असेल एखादं. सिग्नलचं."

"चलान नाही विचारत मी. ते मोबाईलवर येतं, भरलं की संपलं. त्यानं कोणाचं चारित्र्य जात नाही. नाहीतर अख्खं पनवेल घरी बसलं असतं ना." त्या हसल्या. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "आणि हे काय? निशा हितेश कोळी. कलम दोनशे एकोणऐंशी, हयगयीनं गाडी चालवणं."

"ते स्कूटरचं. दंड भरला होता मॅडम. मिटलं ते."

"मिटलं नाही ताई. कोर्टात गुन्हा कबूल केलाय तुम्ही. शाबीत झालंय. निकालाची प्रत असेल ना घरी? ती जोडा."

"मग नोकरी?"

"ते मी नाही ठरवत. इथं दिसतं ते मी लिहून पाठवणार. पास देणारे बघतील. छोटी केस आहे, देतीलसुद्धा. पण कंपनीच्या फॉर्मवर लपवू नका हां. 'नाही' लिहिलं आणि उद्या सापडलं, तर मग कोणी ऐकून घेत नाही." त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "खरं काय झालं ते चार ओळींत लिहा. लहान मूल, पहिलीच चूक. खरं लिहिलेलं कळतं हो वाचणाऱ्याला."

मी हो म्हटलं. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली आणि बराच वेळ तशीच बसले. खरं काय झालं ते चार ओळींत.

खरं म्हणजे त्या दिवशी मी घरात वालाच्या शेंगा सोलत होते.

उर्वीला बालवाडीसाठी सँडल घ्यायचे होते. हितेश तिला स्कूटरवर घेऊन गेला. ती त्याच्यापुढे उभी. माझीच स्कूटर, जासईच्या पगारातून घेतलेली. येताना एसटी स्टँडजवळ त्याचा फोन वाजला. यार्डातून होता. एका हातानं त्यानं तो काढायला बघितला आणि स्कूटर पेरूच्या हातगाडीला घासली. गाडीवाला कोलमडला, गुडघा खरचटला, पेरू रस्ताभर. लोक धावले. हितेश घाबरला आणि थांबला नाही. तो घाबरतो, हे यार्डात कोणाला खरं वाटायचं नाही. चाळीस फुटी ट्रेलर मागे घेताना आरशात एकदाच बघणारा माणूस.

गाडीवाल्याचं नाव धर्मराज. त्यानं नंबर तेवढा बघितला. बाकी एक हेल्मेट आणि पुढे उभी असलेली पिवळ्या फ्रॉकची मुलगी.

दोन दिवसांनी ठाण्यातून फोन आला तो मला. गाडी तुमच्या नावावर आहे, चालवत कोण होतं ते येऊन सांगा.

त्या संध्याकाळी हितेश जेवला नाही. यार्डाच्या गेटवर ड्रायव्हरचं लायसन दर महिन्याला बघायचे. केस असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आत सोडत नसत, त्याच्याबरोबरचे दोघं असेच घरी बसले होते. सासूबाई उंबऱ्यात सुकटाच्या पाटीवर फडकं बांधत होत्या. गोदूबाई म्हटलं की मासळी बाजारात अजून दोन बायका गप्प बसतात.

"गाडी कोनाचे नावावर हाय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"माझ्या."

"मंग झालं. तू सांग, मीच चालवीत होते म्हणून. याचं लायसन गेलं तं याला गेटवर कोन उभा करंल? तू तं घरातच हायस."

"आई, पोलिसांत खोटं सांगायचं?"

"खोटं कसलं? गाडी तुजी, पोर तुजी. नवऱ्याला 'अरे तू' म्हणतेस, नं पोलिसासमोर बोलाची भीती वाटते होय?" त्या हसल्या आणि मग जवळ सरकल्या. "ऐक गो बाय. तुजे सासऱ्यानं एकदा दुसऱ्याचे पाळीला जाळं टाकलं. कोळीवाड्यात पंच बसले. हा उभा ऱ्हायला नं बोलला, कबूल हाय. दंड ठेवला, नारळ ठेवला, गूळ वाटला. संपलं! वर पंचांनी सांगितलं, जो कोन याचा परत बोल काढंल त्याला दुप्पट दंड. मरेपर्यंत कोनी बोललं नाय त्याला. कबूल केलं का धुतलं जातं."

काळूराम कोळी, माझे सासरे, मी या घरात आले तेव्हा थकलेले होते. वाड्यात त्यांना सगळे मान द्यायचे. जाळ्याची ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली, आणि तेवढ्यानंच माझी खात्री पटली. खरोखरच कोणी बोल काढला नव्हता की.

ठाण्यात माझा जबाब लिहून घेताना हवालदार म्हणाले, "पोरीला पुढे उभी करून चालवता? आई ना तुम्ही?" मी खाली बघितलं. त्यांना ती लाज वाटली.

कोर्टात तर काहीच कठीण नव्हतं. बाहेरचा टायपिस्ट म्हणाला, "कबूल म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. नाही म्हणाल तर वर्षभर तारखा." आत माझं नाव पुकारलं. साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मी म्हटलं, "कबूल आहे." ते काहीतरी बोलले, बाजूच्या माणसानं लिहिलं, मग शिपायानं मला कोपऱ्यातलं बाक दाखवलं, "कोर्ट उठेपर्यंत बसा इथं." मला वाटलं, पावती तेव्हा मिळत असेल. मी बसले. मध्येच पाणी प्यायला उठले तर शिपाई म्हणाला, "बसून राहा ताई." दरवाज्याच्या काचेतून हितेश दिसायचा, उर्वीला खांद्यावर घेऊन. ती मला बघून हात हलवायची. मी पर्समधून तिचा बटण तुटलेला दुसरा फ्रॉक आणि सुईदोरा काढला आणि बटण लावत बसले. पंख्याचा वारा येत होता. घरातलं काम नाही, कोणाची हाक नाही. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं होतं.

आता मी कागदाच्या चार घड्या उलगडल्या. जुनी शाई, लफ्फेदार सही. आरोपी हिने आपल्या ताब्यातील स्कूटर हयगयीने चालवून, लहान मुलीस पुढे उभे करून. आरोपीने गुन्हा स्वखुशीने कबूल केला असल्याने. आणि त्याखाली, दंडाच्याही आधी, न्यायालय उठेपर्यंत साध्या कैदेची शिक्षा.

मी ते दोनदा वाचलं. मग फॉर्म पुढे घेतला. रकाना अकरा, आपणांस कधी कोणत्याही न्यायालयाने कैदेची शिक्षा दिली आहे काय?

तर ते बाक म्हणजे कैद होती. मी कैदेत बसून बटण लावत होते आणि माझी मुलगी काचेपलीकडून मला हात हलवत होती.

साडेतीनला हितेश पहिली पाळी करून आला. त्याच्या मागोमाग सासूबाई, डोक्यावर रिकामी पाटी. मी फॉर्म आणि कागद शेजारी शेजारी ठेवले होते. उर्वी उठू नये म्हणून आम्ही तिघं स्वयंपाकघरात कुजबुजत बोललो.

"नाही लिही," हितेश म्हणाला. "एवढ्याशा गोष्टीला कोण बघतंय?"

"त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतंय. मॅडमनी माझ्यासमोर वाचलं."

"मंग हो लिही. मॅडमच बोलल्या ना, देतील म्हणून."

"देतीलसुद्धा, असं म्हणाल्या. आणि खरं काय झालं ते लिहा म्हणाल्या."

सासूबाईंनी पाटी खाली ठेवली. "दंड भरला नाय का? मंग परत बोल कोन काढतंय? त्यालाच दंड करा."

"आई, तिथं कोणी बोल काढत नाही. तिथं लिहून ठेवतात."

"किती दिवस?"

"माहीत नाही. मी असेपर्यंत, बहुतेक."

त्यांनी कागद बघायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. हात ओले होते. पदराला पुसले, पुन्हा पुढे केले, पण कागद काही उचलला नाही. वाचता येत नाही त्यांना. "मी येते तुजेबरोबर," त्या म्हणाल्या. "त्या बाईला सांगते, माजे सांगन्यावरनं झालं. माजं नाव लिव म्हणावं." बाजारात दोन बायकांना गप्प करणारा आवाज होता तो, पण स्वयंपाकघराबाहेरही गेला नसता.

हितेश भिंतीला टेकून उभा होता. बुटाची नाडी एका पायाची सुटलेली, दुसऱ्याची तशीच. "मी जातो," तो म्हणाला. "सांगतो, गाडीवर मी होतो."

मी त्याच्याकडे बघितलं. सात वर्षांत मला वाटतं तो इतकं खरं काही बोलला नव्हता. आणि तो बोलत असतानाच मी पुढचं सगळं मोजून बसले होते. त्याचं लायसन. गेट. मग माझा खोटा जबाब, म्हणजे आणखी एक गुन्हा, आणि तो मात्र खराखुरा माझा. म्हणजे माझी नोकरी तशीही गेली आणि त्याचीही. जासईला कंटेनर जुळवायचे तसं मी दोन्ही बाजूंनी जुळवून बघितलं. कुठूनही बाहेर जाणारी नोंद लागत नव्हती.

"नको," मी म्हटलं.

त्यानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. त्याला वाटलं, मला ऐकू आला नाही. मला राग यायला हवा होता, पण मला दिसली ती त्याची सुटलेली नाडी. मी खाली बसून ती बांधली. का बांधली ते सांगता येणार नाही, तो तर आता बूट काढणारच होता.

"चहा टाकू का गो?" सासूबाईंनी विचारलं. या घरात मी आल्यापासून हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला.

"नको आई. पाचच्या आत जायचंय."

मी पुढच्या खोलीत येऊन बसले. रकाना अकरामध्ये 'होय' लिहिलं. शब्द एवढासा, पण पेन दोनदा अडकलं. खाली चार रेघा होत्या, 'असल्यास तपशील'. आधी कच्चं लिहावं म्हणून उर्वीची दुरेघी वही घेतली. मागचं पान रिकामं होतं.

मॅडम म्हणाल्या होत्या, खरं लिहिलेलं कळतं. मी खऱ्यासारखं लिहायला बसले. बाजारात गर्दी होती. मुलीचे सँडल घेऊन मी घरी परतत होते. माझं लक्ष क्षणभर विचलित झालं. हे लिहिताना मला तो रस्ता दिसायला लागला. मी तिथं नव्हते, तरी पेरूंचा वास आला. पाच-सहा वाक्यांत मी इतकी वाईट आई झाले, आणि इतकी पश्चात्ताप झालेली, की मलाच माझी दया आली. विमानतळावरचा तो कोणी साहेब हे वाचेल, चष्मा वर करेल, म्हणेल, बिचारी, एक चूक झाली. देऊन टाका पास. मग सकाळी सात वाजता मी गळ्यात पास घालून गेटातून आत जाईन. दर वर्षी पास नवा करावा लागतो, विनितानं सांगितलंय. दर वर्षी हा फॉर्म. दर वर्षी हा रकाना आणि हा पेरूंचा रस्ता, मी चालवते आहे, उर्वी पुढे उभी.

आणि नाही दिला पास तर? तर मी घरातच आहे.

"मम्मी, माझ्या वहीत काय लिहितेस?"

उर्वी उठली होती. केस एका बाजूला चिकटलेले, गालावर उशीची शिवण उमटलेली. ती नेहमीसारखी माझ्या हाताखालून आत शिरली आणि मांडीत बसली. झोपेतून उठली की तिचं डोकं गरम असतं. मी हनुवटी त्यावर टेकवली.

"ऑफिसचं आहे. वाचू नको, कठीण आहे."

"मला जोडाक्षरं येतात." बोट ओळीवर ठेवून तिनं सुरुवात केली. पहिलीतली मुलं वाचतात तसं, एकेक अक्षर चावून. "मी... स्व-तः... स्कू-टर... चा-ल-वत... अस-ता-ना..." ती थांबली. "हे बरोबर?"

"बरोबर."

"मा-झी... मुल-गी... पु-ढे... उ-भी... हो-ती." तिनं मान मागे टाकून माझ्याकडे बघितलं. डोळे एकदम मोठे झाले. "मम्मी, ही मी?"

"हो. तू."

"मग माझं नाव लिही ना!" तिनं पेन घेऊन 'मुलगी' वर छोट्या अक्षरांत 'उर्वी' लिहिलं. मी थांबवलं नाही, कच्चंच तर होतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला होता. दारात हितेश येऊन उभा राहिला होता, एक बूट हातात.

"मला माहितीये ही गोष्ट," उर्वी म्हणाली. "पिवळा फ्रॉक होता माझा. आणि पेरू पडले होते, खूप सारे, एक तर गटारात गेला. पप्पा, हो ना?"

हितेशनं हातातला बूट खाली ठेवला.

तिनं वहीच्या कडेला चित्र काढायला घेतलं. स्कूटरचं एक चाक, दुसरं चाक. पुढे एक छोटी मुलगी, वेण्या वर उडालेल्या. तिच्या मागे हेल्मेट घातलेला एक मोठा माणूस, त्याला मिशा. मग पेनाचं टोक सीटवर फिरवत ती थांबली. मागे जागा उरली नव्हती. तिनं चित्र नीट बघितलं, मग माझ्याकडे.

"मम्मी, मग तू कुठे बसली होतीस?"